सहा देश की एकच बेट?

पत्र थोडक्यात: ठाण्याला पाचपाखाडीत राहणाऱ्या एका ५९ वर्षांच्या ताईंचं हे पत्र आहे. शाळेत गणित शिकवून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. यजमान ६४ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. मुलगा बंगळूरला असतो. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसानिमित्त पुढच्या मे-जूनमध्ये तो आईबाबांना युरोपला पाठवणार आहे. ताईंच्या मनात कित्येक वर्षांपासून इटलीच्या सिसिली बेटावरचं सिराक्यूज आहे, म्हणजे आर्किमिडीजचं गाव. यजमान म्हणतात, "आयुष्यात एकदाच जाणार. मग एका बेटावर बसून काय करायचं? बारा दिवसांत सहा देश दाखवतात, तीच टूर घेऊ." मुलगाही म्हणतो, ग्रुपबरोबर गेलात तर मला घोर नाही. यजमानांचे गुडघे अलीकडे दुखतात. तलावपाळीच्या फेऱ्या कमी झाल्यात, गडकरीला नाटकाला जायचं तर बाल्कनी नको म्हणतात, पण दुखतंय असं कबूल करत नाहीत. घरी ८६ वर्षांच्या सासूबाई आहेत. डोंबिवलीची नणंद येऊन राहायला तयार आहे, पण तिच्यावर भार टाकायला ताईंना संकोच वाटतो. ताई शाकाहारी, यजमान मासे आवडीने खाणारे. त्या विचारतात, "मी हट्ट सोडून द्यावा का? आणि जायचंच ठरलं तर उन्हाचं, जेवणाचं, व्हिसाचं कसं करायचं?"

ताई,

हट्ट सोडू नका. पण तो यजमानांच्या विरोधात लढवूही नका. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की त्यांना सहा देशांची जेवढी ओढ आहे, त्याहून गुडघ्यांची धास्ती जास्त आहे. ग्रुप टूरमध्ये बस हॉटेलच्या दारात येते, बॅगा कुणीतरी उचलतं, वाट चुकली तर मराठी बोलणारा टूर मॅनेजर असतो. आपल्या शरीराचा भरवसा कमी झाला की माणूस अशा सोयी शोधू लागतो आणि कारण मात्र दुसरंच सांगतो. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला "मला चालवणार नाही" हे बायकोपुढे आणि मुलापुढे म्हणणं जड जातं. त्यापेक्षा "एका बेटावर काय बघायचं" हे म्हणणं सोपं.

माझा अंदाज चुकीचाही असेल. म्हणून आधी त्यांना विचारा, पण मुलगा व्हिडिओ कॉलवर असताना नको आणि सगळे जेवायला बसलेत तेव्हाही नको. दोघंच असाल तेव्हा "गुडघे दुखतात का?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर "नाही" हेच येणार. "टूरमधलं काय बघायची तुम्हाला सगळ्यात जास्त इच्छा आहे?" असं विचारा. त्यांनी आल्प्समधल्या बर्फाचं किंवा पॅरिसचं नाव डोळ्यांत चमक आणून घेतलं, तर ती त्यांची खरी इच्छा आहे आणि तिलाही तुमच्या सिराक्यूजएवढाच मान द्यायला हवा. उत्तर "सगळं करून देतात, आपल्याला काही बघावं लागत नाही" असं आलं, तर मात्र त्यांना देश नकोत, निश्चिंती हवी आहे. ती बेटावरही मिळू शकते.

आणि गुडघ्यांचाच प्रश्न असेल तर धावती टूर त्यांना जास्त त्रास देईल. सहा देश बारा दिवसांत म्हणजे दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवं हॉटेल. पहाटे उठायचं, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, चार-पाच तास बसमध्ये गुडघे मुडपून बसायचं आणि उतरल्यावर पुढे झेंडा धरून चाललेल्या गाइडच्या मागे त्याच्या वेगाने चालायचं. "मी जरा बाकावर बसतो, तुम्ही या बघून" म्हणायची सोय तिथे नसते, कारण बस सुटायची वेळ ठरलेली असते. एकाच गावात पाच रात्री मुक्काम असेल तर ते सकाळी दोन तास फिरतील, दुपारी खोलीवर पाय वर करून पडतील आणि संध्याकाळी पुन्हा निघतील. एखादा दिवस नाहीच जमलं तरी काही बुडत नाही.

ग्रुप टूर वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही. ज्यांना सोबत हवी असते, रोज आपल्या चवीचं जेवण हवं असतं, बुकिंगच्या भानगडीत पडायचं नसतं, त्यांच्यासाठी त्या उत्तम. ठाण्यातून दर मे महिन्यात कितीतरी मंडळी अशी जातात आणि आनंदाने परत येतात. मला खटकतं ते "एकदाच जाणार, तर सगळं उरकून घेऊ" हे. एकदाच जाणार हे कुणी ठरवलं? तुम्ही एकोणसाठच्या, ते चौसष्टचे. व्हिसाचे नियमही थोडे सैलावलेत. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, रीतसर वापरून वेळेत परतणाऱ्या भारतीयांना पुढे जास्त मुदतीचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा द्यायचं धोरण २०२४ पासून आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. आणि खरोखर एकदाच जायचं असलं, तरी ते थोडे दिवस बसच्या खिडकीतून कशाला बघायचे?

आता यजमानांसाठी एक गोष्ट सांगते. ही त्यांना तुम्ही आजच वाचून दाखवा. रोमहून रात्री सिसिलीला गाडी सुटते. पहाटे-सकाळच्या सुमारास ती इटलीच्या टोकाला, व्हिला सान जोव्हान्नीला पोचते. तिथे जमीन संपते. पुढे साधारण तीन किलोमीटरची मेसीनाची सामुद्रधुनी, आणि तिच्यावर पूल नाही. मग गाडीचे तुकडे करतात, शंटिंग करून ते डबे थेट बोटीच्या पोटात ढकलतात, आणि बोटीत शेजारी-शेजारी बसवलेल्या रुळांवर ते उभे राहतात. डबे पक्के जखडले की बोट निघते. प्रवासी डब्यातून उतरून वर डेकवर जाऊन पलीकडचा किनारा बघू शकतात. मेसीनाला डबे पुन्हा रुळांवर काढतात, गाडी जोडतात, अर्धे डबे पालेर्मोकडे जातात आणि अर्धे सिराक्यूजकडे. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला जिथे येऊन थांबली, त्या ठाण्यात राहणारा रेल्वेचा माणूस हे ऐकून म्हणेल का, की बेटावर बघायला काय आहे? गाडीत दोघांची स्वतंत्र केबिन मिळते, ती घ्या. बोटीवर डेकपर्यंत जिना चढावा लागतो. गुडघ्यांना तो नको असेल तर डब्यात बसूनही शंटिंगचा सगळा खटाटोप ऐकू येतो, जाणवतो. रुळांच्या कामामुळे कधीकधी मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात. म्हणून तिकीट काढताना त्या तारखांना गाडी पूर्ण मार्गावर धावतेय ना, एवढं तपासा. आणि शोधताना सिराकूझा हे इटालियन नाव टाका, सिराक्यूज टाकून स्टेशन सापडेलच असं नाही.

यातून कार्यक्रमही आपोआप आखला जातो. रोममध्ये दोन रात्री, म्हणजे यजमानांना कलोसियम आणि व्हॅटिकन मिळालं. मग ती रात्रीची गाडी. मग सिराकूझाचा जुना भाग ओर्तिजा, तिथे पाच रात्री. शेवटी सिसिलीतल्याच कतानिया शहरात तीन रात्री आणि तिथूनच विमानाने परत. मुंबईहून कतानियाला थेट विमान नाही, रोम किंवा इस्तंबूलसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. दिवस टूरइतकेच होतात. कतानिया ते सिराकूझा अंतर साधारण ठाणे ते कर्जत इतकं. लोकल गाडीने सव्वा तास लागतो आणि तिकीट दहा युरोच्या आत मिळतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो. हे यजमानांच्या हाती सोपवा.

ओर्तिजा हे मूळ गावाला छोट्या पुलांनी जोडलेलं चिमुकलं बेट आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत गेलात तरी अर्धा तास पुरतो, आणि रस्ते बहुतांशी सपाट आहेत. फक्त फरसबंदीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. चपला नकोत, चांगल्या पकडीचे बूट हवेत. घरं जुनी असल्यामुळे पुष्कळ छोट्या हॉटेलांना लिफ्ट नसते. बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका. खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, हे लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आर्किमिडीजबद्दल गणिताच्या बाईंना मी काय सांगणार? तरी एक सावधगिरीची सूचना देते. सिराकूझाच्या पुरातत्त्व परिसराजवळ 'आर्किमिडीजची समाधी' म्हणून एक जागा दाखवतात. ती रोमन काळातली दुसरीच कबर आहे. खरी समाधी इसवी सनपूर्व ७५ मध्ये सिसेरोने काटेरी झुडपांतून शोधून काढली होती. तेव्हा तो सिसिलीत रोमचा अधिकारी होता. आर्किमिडीजला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती आणि त्याच्याच गावाला त्याची समाधी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. सिसेरोने ती ओळखली वर कोरलेल्या आकृतीवरून, गोल आणि त्याला घट्ट बसणारी वृत्तचिती (सिलिंडर). गोलाचं घनफळ त्या वृत्तचितीच्या दोन-तृतीयांश असतं, हे तुम्ही फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आज ती समाधी पुन्हा हरवली आहे. त्यामुळे तिच्या शोधात एक सकाळ घालवू नका.

ती सकाळ ओर्तिजाच्या कॅथेड्रलला द्या. दर्शनी बाजू अठराव्या शतकातली, नक्षीदार. सगळे तिचा फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही डाव्या अंगाच्या गल्लीत वळा. तिथे भिंतीतून जाडजूड दगडी खांब अर्धे बाहेर आलेले दिसतील. ते अथेना देवीच्या ग्रीक मंदिराचे आहेत, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले. पुढे मंदिराचं चर्च करताना खांब पाडले नाहीत, दोन खांबांमधली जागा चिणून भिंत उभी केली. काही खांब भूकंपांत किंचित कललेले आहेत आणि तसेच उभे आहेत. आर्किमिडीज जन्मला तेव्हा हे खांब दोनशे वर्षांचे जुने होते. हात लावून बघण्याच्या अंतरावर त्याच्या गावातली इतकी खरी वस्तू दुसरी नाही.

तुम्ही दोघं नाटकवेडे आहात, तेव्हा आणखी एक. सिराकूझाला डोंगर कोरून केलेलं ग्रीक नाट्यगृह आहे. तिथे १९१४ पासून जुनी ग्रीक नाटकं करण्याची परंपरा आहे आणि हंगाम साधारण मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत असतो, म्हणजे नेमका तुमच्या सहलीच्या वेळी. प्रयोग संध्याकाळी उघड्यावर होतो. भाषा इटालियन, पण गोष्ट आधी वाचून गेलात तर कळायला अडत नाही. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, फार पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशी जागा निवडा, बसायला छोटी उशी आणि अंगावर घ्यायला काहीतरी न्या. एक गैरसोय आधीच सांगून ठेवते. हंगामात दगडी आसनांवर लाकडी बाकं टाकतात आणि मध्ये नेपथ्य उभं असतं, त्यामुळे दिवसा गेलात तर मूळ दगडी नाट्यगृह पूर्ण दिसत नाही. मला विचाराल तर प्रयोग बघा.

उन्हाबद्दल तुम्ही लिहिलंय की ठाणेकरांना काय उन्हाचं, सवय आहे. इथे थोडं सावध राहा. मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या सुरुवातीला तिथे दुपारचं तापमान साधारण पंचवीस-अठ्ठावीस अंश असतं, आपल्या मे महिन्यापुढे काहीच नाही. पण हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो, म्हणून पाणी किती कमी पडतंय ते समजत नाही. नाट्यगृहाच्या परिसरात सावली फार कमी आणि पांढरा चुनखडीचा दगड ऊन परत तोंडावर फेकतो. तिथे सकाळी उघडताक्षणी जा आणि अकरापर्यंत बाहेर पडा. टोपी, गॉगल, पाण्याची बाटली हवीच. जुलै-ऑगस्टचा विचारही करू नका. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकूझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, युरोपातला तो उच्चांक आहे. मेअखेरीस समुद्राचं पाणी मात्र गारच असतं, पाय बुडवण्यापुरतं.

एटना ज्वालामुखी कतानियाच्या डोक्यावरच आहे, उंची तीन हजार तीनशे मीटरच्या पुढे. सुमारे एकोणीसशे मीटरपर्यंत रस्ता आहे, तिथून केबल कार अडीच हजारांपर्यंत नेते. यजमानांना बर्फाची हौस असेल तर मेअखेरीस वर कुठेकुठे बर्फ सापडू शकतो. जाडं जॅकेट न्या. एटना जागता आहे. २ जून २०२५ ला त्याने मोठा धुरळा उडवला होता. राख उडाली की कतानियाचा विमानतळ कधीकधी काही तास बंद पडतो, म्हणून परतीच्या प्रवासात दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा आणि दोन्हींचं तिकीट एकत्र काढा. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते.

जेवणाचं तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. सिसिलीत वांगं आपल्याइतकंच लाडकं. वांग्याची आंबट-गोड कापोनाता, तळलेलं वांगं आणि टोमॅटो घातलेला पास्ता आल्ला नोर्मा, हे जवळजवळ सगळीकडे मिळतं. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पानेल्ले, ही पालेर्मोची खासियत, पण बेटावर इतरत्रही दिसतात. नाश्त्याला बदामाचा किंवा तुतीचा ग्रानिता, म्हणजे बर्फाचा चमच्याने खायचा गोळा, आणि सोबत पाव. त्या पावात अंडं असतं, चालत नसेल तर नुसता ग्रानिता मागा. भाताचे तळलेले गोळे, आरान्चीनी, बहुतेक वेळा मांसाचं सारण भरलेले असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. कान्नोली या गोड पदार्थाचं कवच पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात. ते कडक पाळत असाल तर टाळा. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको मासे नकोत, एवढं पाठ करून जा. यजमानांना सकाळी अपोलोच्या पडक्या मंदिराशेजारच्या बाजारात सोडा. तारली, कोळंबी, माकूळ, ट्युना, स्वोर्डफिशची भली मोठी तुकडी, त्यांचा वेळ मजेत जाईल. दुपारी दुकानं बंद होतात, आणि रात्री साडेसातच्या आधी स्वयंपाकघरं उघडत नाहीत. ज्यांना औषधं वेळेवर जेवून घ्यायची असतात त्यांनी संध्याकाळच्या आधाराला खाकरे, लाडू बरोबर ठेवावेत. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावतात. ती तिथली रीत आहे, फसवणूक नाही.

व्हिसा इटलीचाच काढायचा, कारण जास्त रात्री तिथे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनसाठी मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं मार्चनंतर कठीण होत जातं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. शुल्क माणशी ९० युरो, वर केंद्राचा आकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. मुलगा खर्च करतोय, तर त्याचं पत्र, त्याचे बँकेचे आणि आयकराचे कागद जोडा. शिवाय तुमच्या दोघांच्या पेन्शनचे कागदही जोडा. परत येण्याचं कारण त्यातून दिसतं. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. टूर पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतात. ज्याच्या पॅनवर कापला त्याला विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. ही पावती मुलाने जपून ठेवावी.

हे सगळं तुम्ही स्वतःच करायला हवं असं नाही. ठाण्यात, नव्या मुंबईत असे एजंट आहेत जे तुम्ही दिलेल्या आराखड्यावर विमान, हॉटेल, व्हिसा करून देतात आणि तिथे तुम्हाला मोकळं सोडतात. एक दिवस गाडी ड्रायव्हरसकट घ्या, एक दिवस स्थानिक गाइड घ्या. मुलाला सगळ्या बुकिंगची एक प्रत द्या आणि रोज एका ठरलेल्या वेळी निरोप पाठवा. तिथली घड्याळं तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतील. तातडीसाठी ११२. मुलाचा घोर यानेच कमी होईल, वाद घालून होणार नाही.

आणि पैसे भरण्याआधी रंगीत तालीम करा. थंडीत दोघंच चार दिवस हंपीला जाऊन या, आपल्या बॅगा आपण उचलून, कुणी टूर मॅनेजर नसताना. तिथेही उघडे अवशेष, उंचसखल दगड आणि लांब पल्ले आहेत. यजमान किती चालतात, किती वेळाने बसावं लागतं, दुसऱ्या दिवशी पाय कसे असतात, हे कुणी न विचारता कळेल. त्याआधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. "युरोपला जायचंय, काय तयारी करू?" असं विचारायला जायला त्यांना कमीपणा वाटणार नाही. आतापासून व्यायाम सुरू केला तर मेपर्यंत मांडीच्या स्नायूंत फरक पडायला पुरेसा वेळ आहे.

सासूबाईंविषयी मला एकच विचारायचंय. त्यांना कुणी विचारलं का? नणंदेचा संकोच, तुमचा संकोच, सगळं पत्रात आहे, त्यांचं म्हणणं मात्र कुठेच नाही. लेक दोन आठवडे राहायला येणार याचा कदाचित त्यांना आनंदच होईल. आणि नणंदेने स्वतःहून तयारी दाखवली आहे. आई तिचीही आहे. तुम्ही 'भार' म्हणून नाकारत राहिलात तर तिच्या वाट्याचं तिला करू देत नाही, असं होतं. तिला तीन दिवस आधी बोलवा, म्हणजे औषधांच्या वेळा, न्हाणं, रात्रीचं उठणं तुमच्यासमोर तिच्या हातात बसेल. डॉक्टरांचा नंबर, विम्याचं कार्ड, शेजाऱ्यांकडे दुसरी किल्ली, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. दिवसा काही तास मदतीला बाई ठेवता आली तर ठेवा, ते पैसे सहलीच्या खर्चात धरा. आणि २०२५ मध्ये पाऊस मुंबईत २६ मेलाच आला होता, तेव्हा खिडक्यांची गळती असेल तर ती निघण्याआधी काढून घ्या.

यजमान मनापासून म्हणाले की त्यांना आल्प्स बघायचेच आहेत, तर? मग रोमला संपणारी एखादी लहान टूर घ्या, ग्रुप परत फिरेल तेव्हा तुम्ही दोघं मागे राहा आणि रात्रीची गाडी पकडा. एजंटला हे आधी सांगावं लागतं, म्हणजे परतीचं तिकीट आणि व्हिसाचे दिवस तसे धरता येतात. किंवा यंदा त्यांची टूर दोघांनी करा आणि पुढच्या वर्षी तुम्ही एखाद्या मैत्रिणीबरोबर सिराकूझाला जा. पस्तीस वर्षांच्या संसारात दोन आठवडे वेगळं गेल्याने काही उणं होत नाही.

तुमच्यासारखाच बेत मनात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. शाळेतली मुलं बरोबर असतील तर मेचा पूर्वार्ध बरा, हवा सौम्य असते आणि गर्दी कमी. भाषेची भीती जास्त असेल तर सिसिलीच्या दक्षिणेचा माल्टा बघा. इंग्रजी तिथली राजभाषा आहे, देश बसने फिरता येतो, आणि गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. तिथलं जमिनीखालचं प्राचीन हायपोजियम बघायचं असेल तर तिकीट कित्येक आठवडे आधी काढावं लागतं, कारण दिवसाला मोजक्याच लोकांना आत सोडतात. ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी ग्रीसच्या क्रीटला जावं, समारियाची सोळा किलोमीटरची घळ साधारण मेपासून उघडते.

ताई, विमा घेताना यजमानांचे गुडघे, रक्तदाब, जे असेल ते अर्जात स्पष्ट लिहा. लपवलेल्या दुखण्यासाठीचा दावा नाकारला जातो. औषधं पूर्ण दिवसांची आणि वर आठवडाभराची जास्त न्या, हातातल्या बॅगेत ठेवा, आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी औषधांच्या मूळ रासायनिक नावांनी लिहून घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत.